तळाला लागलेला भात

"हलवायचं नाही," असं म्हणताना ते उजव्या हाताचा पालथा पंजा हवेत धरून ठेवायचे, आणि तो पंजा खाली येईपर्यंत आजूबाजूच्या माणसांनी श्वासही बेतानं घ्यावा अशी त्यांची अपेक्षा असायची. आठवडाभर हा पंजा लीड्समधल्या आमच्या हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात काचेपलीकडच्या पेशंटांना दिसायचा. शनिवारी दुपारी मात्र तो फुटबॉल स्टेडियममागच्या एका परसात, चुलीवर चढवलेल्या भाताच्या परातीसमोर धरलेला असायचा.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. नोकरीत, घरात, चारचौघांत अगदी सरळ रेषेत चालणारी, आणि आयुष्यात एकच आडवळण जिवापाड जपणारी. त्यांचं ते आडवळण मला ठाऊक होतं. ते बंद झालं त्यात माझाही हात होता, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी लीड्सला आलो तेव्हा ते तिथं वीस वर्षं मुरलेले होते. मी चौतिशीचा, ते पन्नाशी ओलांडलेले. मूळचे अलिबागकडचे. अंगानं किरकोळ, चष्म्याची काडी चिकटपट्टीनं बांधलेली, आणि बोलणं एक्स-रेच्या रिपोर्टसारखं मोजकं. माझी बायको अजून सोलापुरात होती. तिच्या व्हिसाचे कागद कुठल्या तरी टेबलावर आराम करत होते. पहिल्याच आठवड्यात मी चुकीचा भरलेला फॉर्म परत द्यायला ते स्वतः वॉर्डात आले.

"डॉक्टर, शनिवारी दुपारी काय करता?"

"काही नाही."

"भात खाता?"

"खातो की."

"खातो नव्हे. आवडतो की चालतो?"

"चालतो," मी खरं ते सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. "सोलापूरचे ना तुम्ही. भाकरीवर वाढलात. तुमचा दोष नाही," असं म्हणून त्यांनी मला माफ केलं आणि एका बसस्टॉपचं नाव सांगितलं.

शनिवारी मी त्या स्टॉपवर उतरलो तर सगळं गाव रस्त्यावर. गळ्यात स्कार्फ घातलेल्या माणसांचा लोंढा, घोड्यावर बसलेले पोलीस, कांदा परतल्याचा आणि मटण भरून भाजलेल्या पाय-पेस्ट्रीचा वास. तेही गळ्यात जाड विणलेला स्कार्फ घालून उभे होते. मला वाटलं, मॅच बघायची आहे. लोंढ्याबरोबर आम्ही गेटपर्यंत गेलो आणि ऐन गेटाशी ते डावीकडे वळले.

"अहो, गेट तिकडे आहे."

"त्यांचं तिकडे. आपलं इकडे."

स्टेडियमच्या भिंतीला वळसा घालून, एका बोळातून, कामगारांच्या जुन्या क्लबाच्या मागल्या दारानं आम्ही परसात शिरलो. पत्र्याच्या आडोशाला विटांची चूल मांडलेली. तीवर बैलगाडीच्या चाकाएवढी, दोन कानांची पसरट लोखंडी परात. आणि तिच्यासमोर एप्रन बांधलेला एक जाडजूड म्हातारा, बाजारातली फळांची खोकी मोडून ढलप्या चुलीत सारत होता. त्याचं नाव रामोन.

रामोन स्पेनचा, व्हॅलेन्सियाकडच्या भातशेतीतला. आमच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये त्यानं आयुष्यभर बटाटे आणि मटार उकडले. रिटायर झाल्यावर त्यानं क्लबाकडे एकच मागणं मागितलं, मॅचच्या दिवशी परस वापरायला मिळावं. त्या परसात तो त्याच्या गावचा भात करायचा. त्याला पाएया म्हणतात. कोंबडी, ससा, हिरव्या शेंगा, पांढरे मोठे पावटे, केशर, रोझमेरीची एक काडी. आमच्या या माणसानं पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा म्हणे त्यांना लहानपणीची पोपटी आठवली. शेतात, विस्तवाभोवती, वालाच्या शेंगा आणि कोंबडी.

मी विचारलं, "पण मॅचच्याच दिवशी का?"

"डॉक्टर, लग्नातला मसालेभात दोघांपुरता करतात का? या भाताला माणसं लागतात. मॅच संपली की चाळीस-पन्नास जण इथं येतात. एरवी या बोळात कुत्रं फिरकत नाही."

लीड्समध्ये तेव्हा पाएया इतर ठिकाणी मिळत नव्हता असं नाही. शहरात एक-दोन हॉटेलांत पिवळा रंग घातलेला चिकट भात त्या नावानं खपत असे. एकदा माझ्या आग्रहावरून ते तिथं आले, काट्यानं भाताचा एक घास उचलून पाहिला, आणि "हलवलाय" एवढंच म्हणून काटा खाली ठेवला. चांगला पाएया खायचा तर स्टेडियममागं आणि तोही होम मॅचच्या दिवशी, म्हणजे महिन्यातून दोनदा.

त्या भाताचं वेळापत्रक स्टेडियमच्या आवाजावर चालायचं. तीनला आत मॅच सुरू झाल्याची आरोळी उठली की रामोन मांस परतायला घ्यायचा. मध्यंतराला रस्सा उकळत असायचा. दुसऱ्या हाफची आरोळी आली की तांदूळ पडायचा. आणि त्या क्षणी यांचा पंजा वर जायचा. "हलवायचं नाही." तांदूळ एकदा पसरला की त्याला चमचा लावायचा नाही. वीस मिनिटं दोघं चुलीच्या दोन बाजूंना उभे राहून नुसतं ऐकायचे. रस्सा आटून तळाशी बारीक तडतड सुरू झाली की रामोन म्हणायचा, "नाऊ शी टॉक्स." मग निखारे पसरून तो पाचेक मिनिटं आणखी थांबायचा. भात तळाला लागावा म्हणून.

तळाला लागलेला तो तांबूस, कुरकुरीत थर, तेच त्या भाताचं सर्वस्व. आपल्याकडे त्याला खरवड म्हणतात. गर्दी यायच्या आधी रामोन उलथन्यानं मधोमध खरवडून एक तुकडा काढायचा आणि यांच्या ताटलीत वाढायचा.

"माझी आई भाताचं पातेलं उतरवलं की मला हाक मारायची," ते पहिल्या दिवशी मला म्हणाले. "भावंडं पाच, पण खरवड माझी. ती गेली तेव्हा मी इथं नाइट ड्यूटीवर होतो. मग वीस वर्षं नॉनस्टिक भांडी. खरवड म्हणजे काय, विसरलो होतो."

एवढं सलग बोलताना मी त्यांना पुन्हा कधी ऐकलं नाही.

पुढे बायको आली, माझं घर झालं, तरी आमचे शनिवार चालू राहिले. त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा कळलं की त्या घरात भात नाही. ताटात दोन पोळ्या, भाजी, कोशिंबीर, आमटी वाटीत. मी भोळेपणानं इकडेतिकडे पाहिलं तर वहिनी म्हणाल्या, "भात शोधताय का? आमच्याकडे तांदूळ येत नाही. यांना डायबेटिस ना. घरात असला की हात जातो. मी तर तांदळाच्या डब्यात आता लोकर ठेवते." आणि खरंच फडताळातला मोठा पितळी डबा उघडून त्यांनी मला लोकरीचे गुंडे दाखवले. "यातूनच यांना मॅचसाठी स्कार्फ विणला. शनिवारी तेवढंच थोडं बाहेर पडतात, फुटबॉल बघतात. बरं वाटतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते अत्यंत एकाग्रतेनं पोळीचा तुकडा मोडत होते.

बाहेर पडताना मी म्हणालो, "अहो, तुमची शुगर?"

"डॉक्टर, सोमवारी ओपीडीत विचारा. आज शनिवार आहे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य झालं. मी डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये काम करू लागल्यावर तर मी तोंड उघडायच्या आत ते ऐकवायचे. पण माणूस बेशिस्त नव्हता. परसात ते एकच ताटली घ्यायचे, दुसरी कधी नाही. गर्दी आली की सरळ उठायचे. लीड्सची ती रांगडी माणसं भातावर ब्राऊन सॉस ओतायची, कोणी चिप्स मागायचं, कोणी हौसेनं परातीत चमचा घालायला जायचं. त्यांना हे बघवत नसे. "चला डॉक्टर, आता तोफखाना आला," म्हणायचे आणि मला घेऊन चालू लागायचे.

घरी जायच्या आधी एक मोठं काम असायचं. मॅचची माहिती. स्कोअर तर रस्त्यात कोणीही सांगे, पण त्यांचा मुलगा समीर तेव्हा शाळेत होता आणि त्याला वर्णन हवं असायचं. ते यांनी कानावर साधलं होतं. आवाज एकदम फुटला तर गोल. फुटता फुटता लांबला आणि खाली आला तर हुकला. शिट्ट्या आल्या तर रेफरीचं काहीतरी. एवढ्या सामग्रीवर ते जेवताना मॅच उभी करायचे. एकदा त्यांनी हेडरनं मारलेला एक गोल फार रंगवून सांगितला, आणि रविवारच्या पेपरात तो पेनल्टीवर झाल्याचं निघालं.

"पण बाबा, तुम्ही बोलले हेडर होता," समीर म्हणाला.

"आमच्या बाजूनं तसं दिसलं," ते म्हणाले.

स्कार्फला येणाऱ्या धुराच्या वासाचंही उत्तर तयार होतं. पुढच्या रांगेतला म्हातारा पाइप ओढतो. मी हे सगळं मिटक्या मारत बघायचो. घरी बायकोला सांगायचो, आम्ही दोघं हसायचो. खोटं बोलावं तर असं बेतशीर, कुणाचं काही न बिघडवणारं, असं मला वाटायचं.

मग त्यांची साठी आली.

समीर तेव्हा शिकून रीडिंगला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला होता. घरी क्वचित यायचा. बापलेकांत भांडण नव्हतं, नुसतं बोलायला काही नव्हतं. फोनवर "कसा आहेस", "बरा आहे", "आईला देतो". आमच्या मंडळानं साठीशांत करायचं ठरवलं, हॉल घेतला, लेस्टरहून गुरुजी बोलावले. त्याच सुमारास एका संध्याकाळी समीरचा मला फोन आला.

"काका, बाबांसाठी सीझन तिकीट घेतोय. दोन सीट, एक माझी. मी दर होम मॅचला ट्रेननं येणार. बाबाला आवडेल ना? तुम्ही त्यांच्याबरोबर जाता, तुम्हालाच माहीत. कुठला स्टँड चांगली आहे?"

एक वाक्य पुरलं असतं. अरे समीर, बाबा मॅच बघत नाहीत, ते तिथं भात खातात, तू तिथं ये. एवढंच. पोरगा हसला असता, परसात आला असता, आणि बापाशेजारी चुलीपाशी उभा राहिला असता.

मी ते वाक्य बोललो नाही. का, ते आता स्पष्टच सांगतो. त्याच आठवड्यात त्यांचे रक्ताचे रिपोर्ट माझ्या हाताखालून गेले होते आणि ते चांगले नव्हते. डोळ्यांच्या पडद्यावरही डायबेटिसच्या बिघाडाची सुरुवात दिसत होती. मला वाटलं, आयती संधी आहे. मुलगा शेजारी बसला की परसाची वाट बंद. भातही सुटेल आणि बापलेकही जवळ येतील. एका दगडात दोन पक्षी. मी चांगला डॉक्टर होतो आणि मला ते ठाऊक होतं, यासारखी वाईट गोष्ट नाही.

"उत्तम कल्पना आहे," मी म्हणालो. "छप्पर असलेला कोपऱ्यातला स्टँड घे. बाबांना थंडी सोसत नाही."

साठीशांतीच्या दिवशी वहिनींनी त्यांना ओवाळलं, मंडळी जेवायला बसायच्या बेतात आली, आणि समीरनं सगळ्यांसमोर पाकीट दिलं. त्यांनी ते उघडलं. दोन्ही तिकिटं बाहेर काढून चष्म्याजवळ नेऊन वाचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मान वर केली ती थेट माझ्याकडे. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मी श्रीखंडाचं पातेलं धरून उभा होतो. मग ते समीरकडे वळले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वा. दर मॅचला येणार तू?"

"हो, बाबा. प्रॉमिस."

"वा," ते पुन्हा म्हणाले.

कोट घेताना मला एकट्याला गाठून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही हो," मी म्हणालो. "मला कुठलं माहीत असणार."

"बरं," ते म्हणाले.

त्यानंतर ते खरोखर मॅच बघू लागले. दर दुसऱ्या शनिवारी समीर रीडिंगहून यायचा. दोघं स्कार्फ घालून गेटातून आत जायचे, मॅच संपली की धावतपळत स्टेशन गाठायचे, कारण समीरची परतीची गाडी असायची. परसाकडे वळायला फुरसत नव्हती, आणि मुलाला काय सांगून वळणार? ज्या बापानं दहा वर्षं घरात मॅचची वर्णनं ऐकवली, त्यानं आता कुठल्या तोंडानं म्हणायचं, मला यातलं काही कळत नाही.

सुरुवातीला मी एकदा एकटाच रामोनकडे गेलो. त्यानं मला पाहून माझ्या मागं पाहिलं.

"युवर फ्रेंड? सिक?"

"नो. ही इज इनसाइड. विथ हिज सन."

रामोननं स्टेडियमच्या भिंतीकडे पाहिलं. आतून तेव्हा शिट्ट्या येत होत्या. "विथ द सन इज गुड," तो म्हणाला. मग नेहमीसारखा मधला तुकडा खरवडून त्यानं एका ताटलीत काढला, वर दुसरी ताटली पालथी घातली आणि चुलीच्या कडेला ठेवली. मॅच संपली, तोफखाना आला, परात रिकामी झाली, तरी ती ताटली तशीच होती. मी निघताना त्यानं ती मला देऊ केली. मी घेतली नाही. मला वाटतं तो पुढेही कित्येक शनिवार अशी ताटली काढून ठेवत असावा. मी बघायला गेलो नाही.

दीड-एक वर्षानं हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ते मला म्हणाले, "रामोन गेला. मुलीकडे, स्पेनला. कायमचा."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कळलं," ते म्हणाले. "निरोप घ्यायला हवा होता. पण त्या दिवशी समीर आला होता."

मी विषय बदलला. त्यांचे नवे रिपोर्ट आले होते आणि ते खरंच सुरेख होते. मी म्हणालो, "शुगर मात्र उत्तम झालीय हं तुमची. फर्स्ट क्लास."

"हो," ते म्हणाले. "शुगर उत्तम आहे."

आणि एक्स-रे खात्याच्या दारातून आत गेले. तो सोमवार होता, ओपीडीचा दिवस. त्यांचं ते ठरलेलं वाक्य त्यानंतर मी कधी ऐकलं नाही. म्हणायचं कारणच उरलं नव्हतं.

ते वारले ते वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आतड्याच्या कॅन्सरनं. साखरेशी त्याचा काही संबंध नव्हता. डोळे शेवटपर्यंत शाबूत होते. शेवटच्या दोन आठवड्यांत सगळी पथ्यं उठवली. वहिनींनी लोकरीचे गुंडे काढून डबा धुतला, तांदूळ आणला आणि मऊ भात करून वॉर्डात नेला. मी तिथं होतो. त्यांनी एक घास घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला. मग वहिनींच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "छान झालाय." दुसरा घास त्यांनी घेतला नाही.

तेराव्यानंतर एके दिवशी वहिनींनी मला बोलावलं. टेबलावर तो स्कार्फ घडी करून ठेवला होता.

"हा तुम्ही ठेवा. अजून धुराचा वास येतो त्याला. चार वर्षं झाली, कितीदा धुतला, जात नाही."

मी म्हणालो, "ते पुढच्या रांगेतले गृहस्थ..." आणि थांबलो. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही.

"अहो, मॅच बघून आलेला माणूस रात्री एकच पोळी कशी खाईल?" त्या म्हणाल्या. "भात खाऊन यायचे. कुठं ते ठाऊक नव्हतं, पण चेहऱ्यावर दिसायचं. मी शुक्रवारपासून पोळी कमी करायची. शनिवारी सकाळी गोड चहा बंद, रविवारी नुसती भाजी आणि ताक. तेवढी एक वाटी बसवायची मी आठवड्यात. मग रिपोर्ट बिघडले. ते भातानं नव्हे, त्या वर्षी त्यांच्या खात्यात माणसं कमी होती, डबल शिफ्टा करत होते, जेवणाला वेळकाळ नव्हता. खात्यात नवी माणसं आली तसे आपोआप सुधारले."

रक्ताचा रिपोर्ट मी वाचला होता. ज्या माणसाचं रक्त होतं त्याला मी एक शब्दानं विचारलं नव्हतं.

"तिकीट आलं तेव्हा वाटलं, तुम्ही समीरला सांगाल," वहिनी म्हणाल्या. "मला सांगता येत नव्हतं. मी सांगितलं असतं तर यांना कळलं असतं की मला पहिल्यापासून माहीत होतं. मग त्यांची काय शोभा राहिली असती? तुम्हाला तसं काही नव्हतं."

खरंच मला तसं काही नव्हतं. मी स्कार्फ घेतला आणि निघालो. थँक यू म्हणालो की नाही, आठवत नाही.

सीझन तिकिटाच्या अजून काही मॅचेस उरल्या होत्या. समीरचा फोन आला, "काका, याल? सीट रिकामा बघवत नाही." मी गेलो. इतकी वर्षं त्या भिंतीमागं जेवलो, पण आत पाऊल टाकायची माझी ती पहिलीच वेळ. कोपऱ्यातला स्टँड, वर छप्पर. मीच सुचवलेला. त्यांच्या खुर्चीवर मी बसलो आणि त्यांचा स्कार्फ गळ्यात घेतला.

मॅचमध्ये मला काही कळलं नाही. दुसऱ्या हाफची आरोळी उठली आणि माझं लक्ष सवयीनं घड्याळाकडे गेलं. आता तांदूळ पडायचा. मी मान वर केली. आमचा स्टँड आणि शेजारचा स्टँड यांच्यामध्ये एक उभी फट होती, दोन हात रुंद. त्या फटीतून बाहेरचा बोळ दिसत होता, क्लबाची मागची भिंत दिसत होती, आणि परसातल्या आडोशाच्या गंजलेल्या पत्र्याची कड. तिथं आता धूर नव्हता.

"बाबा पण नेहमी तिकडेच बघायचे," समीर म्हणाला. "दुसऱ्या हाफमध्ये. मी म्हणायचो, बाबा, बॉल इकडे आहे. पहिल्या वर्षी तिथून धूर यायचा. तो बंद झाला त्या दिवशी ते फार शांत होते. काय होतं तिकडे, काका?"

समोर कोणीतरी चेंडू घेऊन गोलाकडे धावत होतं. आमच्या भोवतीची सगळी माणसं उभी राहिली. आम्ही दोघंच बसून होतो. मी त्याला सांगायला सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून, भात आवडतो की चालतो, तिथपासून.